मदत हवी आहे: ओसीडी असलेल्या मुलाची गोष्ट मराठीत कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

माझ्या भाच्यासाठी पुस्तक शोधतेय. तो लातूरला मराठी शाळेत सहावीत आहे, हातात येईल ते वाचतो. यंदा त्याला ओसीडी असल्याचं निदान झालं, म्हणजे नको ते भीतीचे विचार परत परत येतात आणि ते शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार चालू आहेत, तेव्हा औषधपाण्याचा सल्ला नकोय. गोष्ट हवी आहे. "आत्या, असं होणारं पोरगं कोणत्याच पुस्तकात नसतं का?" असं त्याने विचारलं, आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

इंग्रजीत सापडली. लिसा थॉम्पसन यांची 'द गोल्डफिश बॉय' (२०१७) मी वाचली. त्यातला बारा वर्षांचा मॅथ्यू जंतूंच्या धास्तीने घराबाहेर पडत नाही, हात धुऊन धुऊन त्याची कातडी सोलवटते. दिवसभर खिडकीतून गल्ली बघत बसतो, म्हणून शेजारचं लहान मूल नाहीसं होतं तेव्हा सगळ्यांत जास्त त्यानेच पाहिलेलं असतं. मला सर्वांत खरं वाटलं ते वेगळंच. आपला तान्हा भाऊ आपल्यामुळे गेला, असं त्याच्या मनाने घेतलेलं असतं. त्या धुण्यात टापटिपीची हौस कुठेच नाही, नुसती भीती आणि अपराधीपणा आहे. आमच्या पोराचंही तसंच. दाराची कडी ठरावीक वेळा हलवली नाही तर आजीला काहीतरी होईल, असं त्याला वाटतं. हे खरं नाही हे त्याला कळतं, तरी हात थांबत नाही. वहीतलं अक्षर 'बरोबर' वाटेपर्यंत कागद फाटेस्तोवर खोडतो.

मी ते पुस्तक त्याला मराठीत सांगत सांगत वाचून दाखवायला घेतलं. मन लावून ऐकलं, पण मधेच विचारलं, "त्याच्या घरचं पाणी संपत नाही का?"

इथे माझी गाडी अडली. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्या दिवसांच्या आठवणी घरात अजून रोज निघतात. तो तेव्हा अगदी लहान होता, पण ऐकून ऐकून त्याला सगळं पाठ आहे. मोरीत तांब्या घेऊन उभा राहिला की हाताला काहीतरी लागलंय ही एक भीती, आणि सगळ्यांचं पाणी आपण संपवतोय ही दुसरी. बाहेरून आजीचा आवाज येतो, "आरं लेकरा, पाणी काय फुकट यायलंय का?" तिचंही चुकत नाही. हंडे तिनेच वाहिलेत.

त्यात घरात सोवळं आहे. बाहेरून आलं की पाय धुवायचे, देवाला हात लावण्याआधी हात धुवायचे. अशा घरात पोराचं धुणं आजारात कधी गेलं, हे कोणाच्या लवकर लक्षात येत नाही. आलं तरी आधी अंगारा आणि 'बाहेरचं' येतं, डॉक्टर मागून. हे सगळं ज्या गोष्टीत असेल ती मला हवी आहे.

कोणी वाचली असेल तर सांगा: मराठी किशोर कादंबरी, दीर्घकथा, दिवाळी अंकातली एखादी गोष्ट, अनुवाददेखील. बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक ऑनलाइन आहेत, ते चाळतेय, पण १९७१पासूनचे अंक आहेत, वर्ष-महिना कळला तर फार मदत होईल.

बापाची एक चपराक बसली आणि खोड मोडली, किंवा आईच्या मायेने शेवटच्या पानावर सगळं बरं झालं, अशी गोष्ट कृपया सुचवू नका. वर्गाला हसवणारं 'स्वच्छतावेडं' पात्रही नको. उपचार तसे चालत नाहीत. भाच्याला भीतीची पायरी-पायरीने यादी करून दिली आहे. सोप्या पायरीपासून सुरू करायचं: चप्पल हाताने उचलायची आणि धुवायला जायचं नाही. जीव कासावीस होतो, तो तसाच सोसायचा. सरावाने धीर वाढतो. आणि "आत्या, माझे हात स्वच्छ आहेत ना?" याला आम्ही "हो" म्हणायचं नाही, कारण त्या "हो"ने तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि प्रश्न परत येतो. त्या क्षणी त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. कोणी लेखकाने हा प्रसंग मुलाच्या बाजूने लिहिला असेल तर मला तो वाचायचाच आहे.

एक शंका पालकांना आणि समुपदेशकांना. अशी गोष्ट वाचून मूल नवी भीती उचलतं का? मॅथ्यूचे हातमोजे वाचताना मी क्षणभर थांबले होते. आधी त्याच्या डॉक्टरांना दाखवणारच आहे, तरी तुमचा अनुभव कळवा.

ज्यांनी लहानपणी हे स्वतः भोगलंय, विशेषतः आपल्या मराठवाड्यात, त्यांनी व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला तरी चालेल. घरी पहिल्यांदा कोणाला आणि कसं सांगितलंत, एवढंच विचारायचंय. पुस्तक मिळालं नाही तर त्याच्यासाठी मीच लिहायला बसेन, आणि घरी सांगण्याचा तो प्रसंग मला मनाने रचायचा नाही.

वाचताना कोणाला आपल्याच घरातलं लेकरू आठवलं असेल, तर मानसिक आरोग्यासाठीच्या 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

दिवाळीच्या सुट्टीत तो माझ्याकडे अंबाजोगाईला येतोय. तोवर काही हाती लागलं तर बरं होईल. छापील पुस्तक असेल तर प्रकाशकाचं नाव द्या, मी मागवून घेईन.