टेलिंग्ज आणि डंपच्या मातीत रेडियम सारखंच, मग रेडॉन एवढा वेगळा का?

गॅमारेषा:
युरेनियम खाणीच्या परिसरातली माती मोजतोय, काही सॅंपल जुन्या वेस्ट रॉकच्या (खाणीतून काढून टाकून दिलेला दगड) डंपवरची आणि काही टेलिंग्जची (युरेनियम काढून घेतल्यावर मिलमधून उरणारा गाळ). वाळवली, कुटली, चाळली, डब्यात सील करून एचपीजीईवर (गॅमा मोजणारा जर्मेनियम डिटेक्टर) ठेवली. रेडियम-२२६ दोन्हीकडे जवळपास सारखंच येतंय (संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्ग समितीने, म्हणजे युनस्केअरने, दिलेल्या ३५ बेकरेल प्रति किलो या जगातल्या मातीच्या सरासरीच्या बरंच वर, ते अपेक्षितच होतं) पण तीच पावडर कॅनमध्ये घालून वर एलआर-११५ फिल्म (तिच्यावर अल्फा कणांचे ट्रॅक उमटतात) लावली तर टेलिंग्जचं एक्झलेशन, म्हणजे मातीतून हवेत येणारा रेडॉन, दुपटीहून जास्त. रेडॉन वायू रेडियमपासूनच येतो ना, मग हे कसं काय? गाईड म्हणतात सगळं परत मोज.

कणमाती:
परत मोजून बहुतेक तेच येईल. रेडियमचा अणू फुटला की तयार झालेला रेडॉन मागे ढकलला जातो, पण दगडाच्या कणात तो जेमतेम काही दहा नॅनोमीटर सरकतो, म्हणजे जे रेडियम कणाच्या अगदी कडेला आहे त्याचाच रेडॉन बाहेर पडतो, आत खोल असलेल्याचा तिथेच अडकून ३.८२ दिवसांच्या हाफ लाइफने संपतो. डंपच्या दगडात रेडियम खनिजाच्या आत बसलेलं असतं. टेलिंग्ज मात्र मिलमध्ये बारीक दळलेले, अॅसिडने धुतलेले, त्यात युरेनियम निघून जातं आणि सुटलेलं रेडियम परत कणांच्या पृष्ठभागावर बसतं. रेडियम तेवढंच, इमॅनेशन, म्हणजे कणातून बाहेर छिद्रात निसटणारा रेडॉनचा वाटा, वेगळं. आणि तुम्ही डंपची माती कुटून कॅनमध्ये घातलीय, म्हणजे खरा फरक याहूनही मोठा असणार. गॅमासाठी पावडर ठीक आहे, एक्झलेशनसाठी माती कुटायच्या आधीच वेगळी काढून ठेवायची.

जुना_मापक:
वरचं बरोबर, पण आधी सील बघा. तुम्ही रेडियम मोजताय ते ३५२ आणि ६०९ केइव्हीच्या (गॅमाची ऊर्जा) पीकवरून, म्हणजे शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, आणि ही दोघं रेडॉननंतरची आहेत. डबा चार आठवडे बंद ठेवला तरी झाकणातून रेडॉन गळत असेल तर रेडियम कमी दिसतं, आणि ज्या मातीतून रेडॉन जास्त सुटतो तिचं जास्तच कमी दिसतं! म्हणजे तुमच्या टेलिंग्जचं खरं रेडियम अजून जास्त असू शकतं. १८६ केइव्हीची थेट लाइन वापरू म्हणाल तर तिथे युरेनियम-२३५ येऊन बसतं, आणि युरेनियम-रेडियम समतोलात धरून करायचं नेहमीचं करेक्शन टेलिंग्जला चालतच नाही कारण युरेनियम तर मिलनेच काढून घेतलंय. कॅनमधली मोकळी हवा सॅंपलच्या छिद्रांतल्या हवेच्या किमान दहापट हवी, नाहीतर रेडॉन परत मातीत शिरतो.

गॅमारेषा:
खूप खूप धन्यवाद, सीलचं डोक्यातच आलं नव्हतं. मग कॅनवरून काढलेला बेकरेल प्रति चौरस मीटर प्रति तास हा आकडा त्या जागेचा म्हणून रिपोर्टमध्ये टाकू का? सोबत रेडियम इक्विव्हॅलंटही (रेडियम, थोरियम, पोटॅशियम मिळून एकच आकडा) देतोय, ३७० ची मर्यादा धरून.

कणमाती:
नका टाकू. कॅनमध्ये मातीचा पातळ थर असतो, जमिनीवर कोरड्या मातीत मीटरभर खोलीवरूनही रेडॉन वर येतो. शिवाय ओलावा. थोडी ओल असली तर छिद्रातलं पाणी त्या निसटलेल्या अणूला थांबवतं, तो समोरच्या कणात घुसत नाही, म्हणून इमॅनेशन वाढतं, पण माती पाण्याने भरली की डिफ्यूजन इतकं मंदावतं की बाहेर फारसं काही येतच नाही. जागेचा आकडा हवा तर चेंबर जमिनीत थोडा रोवून त्यातला रेडॉन कसा चढतो ते बघा आणि फक्त सुरुवातीचा सरळ चढ घ्या, ओलावा आणि हवेचा दाब लिहून ठेवा, दाब उतरत असताना रेडॉन जास्त ओढला जातो. ३७० म्हणाल तर ते बांधकाम साहित्याच्या गॅमासाठी आहे. प्रत्येक थिसिसमध्ये असतं म्हणून टाकायचं असेल तर टाका, पण रेडॉन किती सुटतो हे त्यातून कळत नाही.

जुना_मापक:
थोरियमचे पीक जोरात असतील तर थोरॉनही (थोरियमपासून येणारा रेडॉनचा समस्थानिक) बघा. त्याचं हाफ लाइफ ५५.६ सेकंद आहे, त्यामुळे फिल्म मातीपासून लांब असेल तर तो पोचायच्या आतच बराचसा संपतो, जवळ असेल तर ट्रॅकचा आकडा फुगतो.