बाबांची लघवीची पिशवी (मूत्राशय) काढायची आहे, पुढे किती वर्षं आणि रिकव्हरी कशी?

मानेवाड्याचा मुलगा:
बाबा ६८ चे. लघवीतून रक्त जात होतं पण दुखत नव्हतं म्हणून अंगावर काढलं. दुर्बिणीतून गाठ खरवडली तर कॅन्सर पिशवीच्या स्नायूत गेलेला निघाला. आता आधी केमो, मग पूर्ण पिशवी काढून लघवीसाठी पोटावर बॅग. आई सारखं विचारून राहिली, किती वर्षं मिळतील? कोणाच्या घरी झालं असेल तर सांगा ना.

वर्धा रोडची सून:
दादा, माझ्या सासऱ्यांचं झालंय. वर्षांचं आत्ता नक्की कोणीच सांगू शकत नाही, काढलेल्या पिशवीचा आणि लिम्फ नोड्सचा (आजूबाजूच्या लसिका ग्रंथींचा) रिपोर्ट येतो त्यावर असतं सगळं. कॅन्सर पिशवीच्या आतच असेल आणि नोड्स क्लीन असतील तर साधारण दहातले सात जण ५ वर्षांच्या पुढे जातात, नोड्समध्ये गेला असेल तर तिघेच. हा दुसरा आकडा आईंना आत्ताच सांगू नका, रिपोर्ट येऊ द्या.
हॉस्पिटलात आठ-दहा दिवस धरा. आतड्याचा तुकडा घेऊन लघवीची वाट बनवतात, त्यामुळे आतडं सुस्त पडतं, पोट फुगतं, जेवण जात नाही आणि माणूस एकदम वाळून जातो, तेव्हा घाबरू नका. दीड-दोन महिने वजन उचलू देऊ नका, अंगात ताकद यायला तीन महिने तरी लागतातच. बॅगमध्ये पांढरे धागे दिसतील, तो आतड्याचा चिकट स्राव असतो.

शंकरनगरचे काका:
मी स्वतः बॅगवाला आहे बाळा. बाबा हिंडतील फिरतील, मी रोज फुटाळा तलावावर जातो. एक काम नक्की करा, ऑपरेशनच्या आधी स्टोमाची, म्हणजे पोटावर लघवी बाहेर यायला जे तोंड करतात त्याची, जागा त्यांना बसवून, उभं करून मार्क करून घ्या, पायजम्याची नाडी त्यावर यायला नको. मे महिन्यात इथे नागपुरात ४५ डिग्रीत घामाने चिकटवलेली बॅग सुटते, जास्तीच्या बॅगा घरात ठेवा. आणि बॅग भरेल या भीतीने पाणी कमी करू देऊ नका, किडनीवर येते. थंडी वाजून ताप आला की लगेच हॉस्पिटल, सकाळची वाट पाहू नका. बिडी-सिगारेट असेल तर आजच बंद.

मानेवाड्याचा मुलगा:
काका, बिडी आहे. आतड्याचीच नवी पिशवी आत बसवतात म्हणे, ती कशी?

शंकरनगरचे काका:
किडनी चांगली असेल तर होते, पण दर तीन-चार तासांनी उठून लघवी करावी लागते, रात्री गळते, कधी नळी स्वतः घालावी लागते. बाबांना जमेल का, हे त्यांनाच विचारा.