चारमथला सापडलेला ‘शाळीग्राम’ घरी आणला, चुकलं का?

ब्रिस्टलवाली

गेल्या शनिवारी आम्ही इंग्लंडच्या डॉर्सेटमधल्या चारमथच्या किनाऱ्यावर गेलो होतो. सासूबाई नाशिकहून आल्या आहेत, त्यांना इथला समुद्र दाखवायचा होता. पाण्याच्या कडेला मोठ्या गोट्यांखाली काळपट बारीक खडी साचते, तिच्यात माझ्या मुलाला (वय ८) रुपयाएवढा अमोनाइट (वेटोळ्या शंखाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री जीवाचा जीवाश्म) सापडला. पितळेसारखी झाक, एकात एक वेढे आणि मधोमध मोहरीएवढा ठिपका. सासूबाईंनी तो तळहातावर घेतला आणि म्हणाल्या, “अगं, हा तर शाळीग्राम!” सध्या तो स्वयंपाकघराच्या खिडकीत वाटीत ठेवलाय.

परत येताना फलक वाचला की हा किनारा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. अजिंठ्याला भिंतीला बोट लावायची सोय नाही, आणि इथे लोक बादल्या-हातोडे घेऊन फिरत होते. आमच्याकडून चोरी झाली का? नेऊन परत ठेवू का? आणि सगळ्यांना उचलू देतात, तर मग जपतात तरी काय?

डॉर्सेटकर

ताई, चोरी नाही. हे आधी मुलाला सांगा, त्याच्या मनात राहायला नको.

मी ब्रिडपोर्टजवळ १४ वर्षं राहते आणि हिवाळ्यात सुट्टी मिळाली की त्याच किनाऱ्यावर असते. चारमथचे कडे म्हणजे खडक कमी आणि चिखल जास्त. पावसात ते पाणी पितात, फुगतात आणि घसरून खाली येतात. मग लाटा त्यातली माती धुऊन नेतात. सुपात पाखडताना हलकं उडतं आणि जड मागे राहतं ना, अगदी तसंच. पायराइटचे (लोह आणि गंधक यांच्या पिवळसर खनिजाचे) अमोनाइट वजनाला जड, म्हणून ते त्या बारीक खडीत गोळा होतात. मुलाने बरोबर जागी हात घातला! तो उचलला नसता तर गोट्यांखाली रगडून त्याचा थोड्याच दिवसांत भुगा झाला असता. म्हणून परत ठेवायला जाऊ नका.

लाइम रीजिसपासून बर्टन ब्रॅडस्टॉकपर्यंतच्या पट्ट्यात जीवाश्म गोळा करण्याची आचारसंहिता आहे. सुटं पडलेलं उचला, पण कड्यात खणू नका. शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचं काही सापडलं तर चारमथच्या हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये त्याची नोंद करा. लाइमच्या पश्चिमेला मॉन्मथ बीचवर खडकाच्या लादीत परातीएवढे अमोनाइट उघडे पडलेत. ते फक्त बघायचे, हातोडा लावायचा नाही. सासूबाईंना ओहोटीच्या वेळी तिथे नक्की न्या.

आता तुमचा खरा प्रश्न, जपतात काय. डेव्हनमधल्या एक्समथपासून स्टडलंडजवळच्या ओल्ड हॅरी रॉक्सपर्यंत हा ९५ मैलांचा किनारा २००१ च्या डिसेंबरमध्ये यादीत आला. पश्चिमेकडून पूर्वेला चालत गेलं की ट्रायासिक, जुरासिक, क्रिटेशियस या प्राचीन कालखंडांचे, साडेअठरा कोटी वर्षांचे थर ओळीने भेटतात. ते दिसतात कारण समुद्र रोज थोडं थोडं खरवडतो. कड्यासमोर भिंत घातली की कडा स्थिर होतो, त्यावर गवत-झुडपं माजतात आणि थर झाकले जातात. म्हणजे इथे ढासळणंच जपायचं असतं. हद्दसुद्धा ओहोटीच्या रेषेपासून कड्याच्या माथ्यापर्यंत, आणि कडा मागे सरकला की तीही मागे सरकते. सिडमथ, लाइम, वेमथ या गावांचे बांधलेले किनारे म्हणूनच हद्दीबाहेर ठेवलेत.

ज्यांचं घर काठावर आहे त्यांच्यासाठी हे सोपं नाही. एका ओळखीच्या आजींच्या बागेचं कुंपण दोन हिवाळ्यांत खाली गेलं. त्या त्याबद्दल बोलत होत्या तेव्हा मला मान वर करता आली नाही. तरीही मोकळ्या कड्यांना भिंत घालू नये, असंच माझं ठाम मत आहे.

मुलाला मेरी ॲनिंगची गोष्ट सांगा. लाइमची गरीब सुताराची मुलगी, बाप लवकर गेला. १८११ मध्ये भावाला इक्थिओसॉरची (माशासारख्या प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याची) कवटी दिसली, पुढच्या वर्षी बाकीचा सांगाडा हिने शोधला, तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची होती. १८२३ मध्ये अख्खा प्लेसिओसॉर (लांब मानेचा प्राचीन समुद्री सरपटणारा प्राणी) काढला. बाई म्हणून जिऑलॉजिकल सोसायटीत तिला कधीच जागा मिळाली नाही. १८३३ मध्ये दरड कोसळली तेव्हा तिचा कुत्रा ट्रे तिच्या पायाशीच गाडला गेला. म्हणून कड्याच्या पायथ्याशी मुलाला बसू देऊ नका, आणि भरतीची वेळ बघितल्याशिवाय लांब जाऊ नका. जवळच्या गोल्डन कॅप कड्याखाली एकदा मी गुडघाभर पाण्यातून परत आलेय, बरोबर लेक होती. ती भीती अजून गेलेली नाही.

भूगर्भ_पुणे

सासूबाई बरोबर बोलल्या. गंडकीतला शाळीग्रामही अमोनाइटच, तोही जुरासिक काळातला, काळ्या शेलमधला (चिखल घट्ट होऊन झालेल्या पापुद्र्यांच्या खडकातला). फक्त नदीने घासून गुळगुळीत केलेला.

आणखी एक. युनेस्कोच्या यादीत नाव आलं म्हणून आपोआप नवा कायदा लागू होत नाही. ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष संरक्षण मिळतं ते तिथल्या नियोजनाच्या नियमांतून आणि शास्त्रीय महत्त्वाच्या जागांच्या कायद्यातून. आपल्याकडे २०२५ मध्ये पाचगणी-महाबळेश्वरचा दख्खनचा बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलाय, तेव्हा हे आपणही आत्ताच समजून घेतलेलं बरं. मुलाला सांगा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीचा लाव्हा वाहत होता, त्याच सुमारास अमोनाइट पृथ्वीवरून संपले.

ब्रिस्टलवाली

दोघांचे मनापासून आभार. मुलगा आता ट्रेबद्दलच विचारत बसलाय. सासूबाई म्हणतात देवघरात ठेवू आणि रोज स्नान घालू. चालेल ना?

डॉर्सेटकर

देवघरात खुशाल ठेवा, पण स्नान नको. गंडकीचा शाळीग्राम पाणी सोसतो, हा नाही सोसणार. पायराइटला ओल लागली की तो आतून गंजतो. माझा पहिला अमोनाइट मी न्हाणीघराच्या खिडकीत ठेवला होता. तीन वर्षांत त्यावर पिवळट भुकटी आली, गंधकासारखा वास सुटला आणि एक दिवस उचलताना बोटांत चुरा झाला. तुमचाही स्वयंपाकघरातून हलवा, तिथे वाफ असते. गोड्या पाण्यात एकदा धुऊन खारटपणा काढा, पूर्ण वाळवा आणि छोट्या डबीत ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणारी पुडी येते ना, ती शेजारी टाका. सासूबाईंना म्हणावं, फूल वाहा, तेही कोरडं. आणि डबीत एक चिठ्ठी ठेवा: जागा, तारीख, कोणाला सापडला. मुलाकडूनच लिहून घ्या.