मूत्रपिंड विकण्याचा करार: पैसे बुडाले तर दाद मागता येते का?

प्रश्न: शरीर स्वतःचं, मग स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेला करार का चालत नाही?

उत्तर १: १८७२ च्या करार कायद्याचं कलम २३ पाहा. हेतूच बेकायदा, म्हणून करार शून्य, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने रद्दबातल. दलाल नेमका याचाच फायदा घेतात: शस्त्रक्रियेनंतर ठरलेली रक्कम देत नाहीत, आणि तक्रार करायला गेलं तर मूत्रपिंड देणाराही १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या कलम १९ खाली गुन्हेगार! शिक्षा ५ ते १० वर्षं, दंड किमान २० लाख. गरिबाला गप्प बसवणारी ही तरतूद मला अन्यायकारक वाटते.

उत्तर २: सहमत. मात्र दात्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी भरून देणं कायदेशीर आहे. पावत्या जपा.




उत्तर ३: दाता जवळचा नातेवाईक नसेल तर प्राधिकार समितीची (दान पैशांसाठी नाही ना, हे तपासणाऱ्या समितीची) परवानगी लागते.