खिडकी असताना छत्री कशाला म्हणे!

तिरपा_प्रकाश (धागाकर्ता):
परवा एका सदस्येनं लिहिलं होतं, ‘ज्याला प्रकाश बघता येतो त्याला फ्लॅश लागत नाही. ऑफ-कॅमेरा फ्लॅश (कॅमेऱ्यापासून वेगळा, स्टँडवर लावलेला) आणि त्याचा प्रकाश पसरवणाऱ्या त्या अवाढव्य छत्र्या म्हणजे हौशी लोकांच्या कुबड्या. माणसाला खिडकीपाशी बसवा, पोर्ट्रेट तयार.’ खाली ‘अगदी अगदी’चा नुसता पाऊस. तिथंच उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

खिडकी मलाही आवडते, पण ती हलत नाही. हलवायचं ते माणसाला, आणि मग पाठीमागे जे येईल ते मुकाट घ्यायचं. फ्लॅश असला की शटरचा वेग मागच्या उजेडाचं बघतो, फ्लॅशची पॉवर चेहऱ्याचं आणि लेन्सचं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर दोघांचं. संध्याकाळचं आकाश दीड स्टॉप अंडर, म्हणजे काळपट, ठेवायचं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) आणि चेहरा जिथल्या तिथं, हे खिडकीनं करून दाखवावं.

आता छत्रीचा आकार. प्रकाश मऊ पडतो तो छत्री मोठी म्हणून नाही, चेहऱ्याच्या जागेवरून बघितलं तर ती मोठी दिसते म्हणून. सूर्य केवढा अवाढव्य, पण आकाशात जेमतेम अर्धा अंश, म्हणून दुपारी नाकाची सावली अशी कडक. साडेतीन फुटी छत्री पाच फुटांवर आणि सात फुटी दहा फुटांवर, मऊपणा सारखाच. मग सात फुटी कशाला? तर दोन माणसं पुढेमागे बसली की कळतं. छत्रीपासून एक चार फुटांवर, दुसरा सहा फुटांवर असेल तर दुसऱ्याच्या वाट्याला स्टॉपभर कमी प्रकाश. तीच दोघं दहा आणि बारा फुटांवर असली की फरक अर्ध्या स्टॉपचा. लांब ठेवूनही मऊ राहते ही मोठ्या छत्रीची कमाई आहे. ज्यांना हे माहीत नाही त्यांनी कुबड्या वगैरे शब्द वापरू नयेत.

खिडकीपाशी:
‘एका सदस्येनं’ कशाला, नाव घ्या की. मीच ती.

गणित छान. आता माणसाबद्दल बोलूया का? समोर स्टँड, त्यावर माणसाएवढी छत्री, दर फोटोला फाटकन उजेड. समोरच्याचे खांदे वर जातात ते उतरतच नाहीत. खिडकीपाशी दहा मिनिटं गप्पा मारल्या की त्याला कॅमेऱ्याचा विसर पडतो. तुमचे मोजून-मापून काढलेले चेहरे मी बघितलेत, सगळे एकाच कारखान्यातून आल्यासारखे.

आणि एक अडचण तुम्ही सोयीनं गाळलीत. लहान पांढऱ्या खोलीत मोठी छत्री प्रकाश टाकत नाही, सांडते. छताला लागून खाली, भिंतीला लागून परत. मागितलेला नसताना फिल (सावल्या उजळणारा प्रकाश) येऊन बसतो आणि गालावरची सावली धुऊन जाते. त्या खोलीत तुमच्या ‘मागचा उजेड माझ्या हातात’चं काय होतं?

अंधारखोली:
सांडण्याबद्दल खिडकीपाशीताई बरोबर आहेत, पण तो दोष शूट-थ्रू छत्रीचा, जिच्या कापडातून प्रकाश आरपार जातो तिचा. काळ्या पाठीची परावर्तक छत्री घ्या, मागे सांडणं बंद. तेही नको असेल तर ग्रिड (जाळी) लावलेला सॉफ्टबॉक्स, म्हणजे फ्लॅशवरचा कापडी डबा.

माझं दुखणं वेगळंच आहे. लोक साठ इंची छत्री घेतात आणि स्पीडलाइटचं (छोट्या फ्लॅशचं) झूम १०५ वर ठेवतात, म्हणजे झोत अरुंद. छत्रीच्या मधोमध एक पांढरा गोळा आणि कडा काळ्या. एकदा छत्रीचाच फोटो काढून बघा, हा सूर्य हा जयद्रथ. झूम २४ वर आणा, झोत रुंद करणारं वाइड पॅनेल ओढा, फ्लॅश दांड्यावर मागे सरकवा. हे न करता ‘मोठ्या छत्रीनं काही फरक पडत नाही’ म्हणणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं.

रील_संपला:
धागाकर्त्याचं व्यस्त वर्गाचं गणित (अंतर दुप्पट की प्रकाश पाव) बिंदूएवढ्या स्रोतासाठी आहे. सात फुटी छत्री चार फुटांवर असेल तर घट त्याहून सावकाश होते. पण हल्ली मोजतो कोण? कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघायचं, ‘अजून थोडा’ म्हणायचं. आमच्या वेळी गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) ४०, भागिले अंतर पाच मीटर, म्हणजे एफ ८ (छिद्राचा आकडा, जितका लहान तितकं छिद्र मोठं), तोंडपाठ असायचं. छत्री आली की ते गणित बाद, म्हणून फ्लॅशचा प्रकाश मोजणारा फ्लॅशमीटर हनुवटीखाली धरायचा. आता मीटर म्हटलं की मुलं विजेचं बिल आठवतात.

भरदुपार:
काका, पडद्यावर बघून बरोबर आलं तर बिघडलं कुठे?

मुख्य मुद्दा कुणी काढतच नाहीये. भर उन्हात एफ २ ला काढायचं तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला शटर १/६४०० च्या आसपास जातं आणि सिंक (साध्या फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जलद शटर-वेग) अडकलाय १/२०० सेकंदावर. हाय-स्पीड सिंक लावा, झालं. छत्री, खिडकी हे वाद सगळे सावलीत बसणाऱ्यांचे.

अंधारखोली:
हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅश एकदा कडाडत नाही, शटरची फट सेन्सरवरून सरकत असते तोवर लुकलुकत राहतो. त्यातला बहुतेक प्रकाश शटरच्या पडद्यांवर वाया. दोन स्टॉप तरी गेलेच. वर मोठी छत्री आणखी खाणार. एका स्पीडलाइटच्या जिवावर उन्हाशी लढायला निघालात? पाच स्टॉपचा एनडी (लेन्सवरचा काळपट फिल्टर) लावा, १/२०० वर या.

भरदुपार:
आणि एनडी फ्लॅशचा प्रकाश खात नाही वाटतं? पाच स्टॉप त्याचेही गेले की. म्हणजे फ्लॅश एफ ११ ला पुरेल इतका जोरात मारायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला.

अंधारखोली:
जीभ तुमची. एफ ११ ला मारायचा हे खरंच, एनडीनं फुकट काही मिळत नाही. पण हाय-स्पीड सिंकमध्ये तेवढाच परिणाम मिळवायला त्याहूनही जास्त ताकद लागते. तुलना त्या दोन पर्यायांची चालली आहे.

भरदुपार:
हाय-स्पीड सिंकनं हालचाल तरी गोठते. तुमच्या १/२०० ला ओढणी उडाली की धुरळा.

रील_संपला:
साध्या फ्लॅशमध्ये गोठवतो तो फ्लॅशचा झोत, शटर नव्हे. उन्हाचा भाग १/२०० ला थोडा फरपटेल, तेवढं तुमचं कबूल. म्हणूनच आम्ही लीफ शटरच्या (लेन्समध्येच पाकळ्यांचं शटर असलेल्या) लेन्स वापरायचो, १/५०० ला पूर्ण फ्लॅश सिंक. तुम्ही आज जे शोधताय ते आम्ही वापरून माळ्यावर टाकलं.

भरदुपार:
माळ्यावरच असू द्या. २०२३ मध्ये सोनीनं ए९ थ्री कॅमेरा आणला, ग्लोबल शटर (सगळा सेन्सर एकाच क्षणी टिपणारं), १/८०००० ला फ्लॅश सिंक. एनडी, लीफ शटर, सगळं इतिहासजमा.

अंधारखोली:
पूर्ण पॉवरला स्पीडलाइटचा झोत १/८०००० पेक्षा कितीतरी लांब असतो. त्यातला एक तुकडा सापडणार, बाकीचा शटर बंद झाल्यावर. कॅमेरा बदलला म्हणून फ्लॅशमधला वीज साठवणारा कपॅसिटर घाई करत नाही. जाहिरात वाचून इथं लिहू नका, आणि आधी उन्हात छत्रीखाली काढलेला एक तरी फोटो टाका.

भरदुपार:
टाकतो. तुमचा कुठाय? उंटावरून शेळ्या हाकणं बंद करा.

खिडकीपाशी:
मूळ विषय कुठे गेला? माणसाचा चेहरा, आठवतंय का?

उन्हाचं निघालंच आहे म्हणून सांगते. बाहेर वाऱ्यात मोठी छत्री म्हणजे शीड. एका मैत्रिणीला मदत करायला गेले होते. झुळूक आली, स्टँडचा एक पाय उचलला आणि सगळं सावकाश समोर बसलेल्या बाईंच्या दिशेनं कलंडलं. मी दांडा धरला. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत त्या बाईंची नजर छत्रीकडे. सॅंडबॅग गाडीत राहिली होती.

आणि चष्मा! जाड काचांचा चष्मा लावणारे एक आजोबा. दोन्ही काचांत छत्री, तिच्या काड्यासुद्धा मोजता येत होत्या. डोळे गायब. ‘चष्मा काढा’ म्हणाल तर तो त्यांचा चेहराच राहत नाही.

तिरपा_प्रकाश:
सॅंडबॅग गाडीत राहिली हा छत्रीचा दोष नाही हो. पण चष्म्याचं तुमचं खरं आहे. छत्री जितकी मोठी तितक्या जास्त कोनांतून ती काचेत शिरते, इथं माझा लाडका आकारच आड येतो. उपाय म्हणाल तर छत्री वर आणि बाजूला न्यायची आणि चष्म्याच्या दांड्या कानांवरून बोटभर उचलायच्या, काचा खाली झुकतात, प्रतिबिंब खाली जातं. समोरून चष्मा वाकडा दिसत नाही. फार उंच नेली तर भुवयांची सावली डोळ्यांत उतरते, तेव्हा खाली एक पांढरा बोर्ड.

तरी एक विचारतो. आजोबा खिडकीसमोर बसले असते तर काचेत काय दिसलं असतं?

खिडकीपाशी:
खिडकी. पण तिला काड्या नसतात.

अंधारखोली:
गजही नसतात का?

खिडकीपाशी:
हुशार आहात. बरं, दांड्या उचलायची युक्ती वापरून बघीन, खिडकीपाशीच. आणि संध्याकाळच्या आकाशाचं मान्य, तिथं माझ्याकडे उत्तर नाही. ‘कुबड्या’ मात्र मागे घेत नाही. रात्री आठ वाजता लोक फोटो काढायला का निघतात हेच मला कळलेलं नाही.

रील_संपला:
कारण दिवसा नोकरी असते.

भरदुपार:
फोटो टाकलाय. एफ २, हाय-स्पीड सिंक, दोन फ्लॅश एका छत्रीत, मागे कडक ऊन. आता बोला.

अंधारखोली:
दोन फ्लॅश. म्हणजे एकानं भागलं नाही. धन्यवाद.

भरदुपार:
छत्री चेहऱ्यापासून दोन फुटांवर होती, दुसरा फ्लॅश फक्त रीसायकल (पुन्हा चार्ज होणं) लवकर व्हावं म्हणून. दोन्ही पाव पॉवरला. गणित करता येतं ना?

अंधारखोली:
दोन फुटांवर असेल तर छत्री फ्रेमच्या कडेला चिकटलेली, मग पूर्ण उंचीचा फोटो कसा काढणार? एनडीचा धागा वेगळा काढतो, तिथं या.