पाळकांविरुद्धची तक्रार सेशनकडे नाही, प्रेस्बिटरीकडे

तुम्ही लिहिलंय की पाळकांविषयीची (चर्चच्या पास्टरांविषयीची) तक्रार सेशनने, म्हणजे स्थानिक मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांच्या सभेने, ऐकूनच घेतली नाही. त्याचं एक कारण प्रेस्बिटेरियन रचनेतच आहे. पाळक हे स्थानिक मंडळीचे नव्हे, प्रेस्बिटरीचे, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांवरच्या सभेचे, सभासद असतात. त्यामुळे त्यांच्यावरचा आरोप प्रेस्बिटरीच ऐकते. सेशनचा अधिकार मंडळीच्या सभासदांपुरता.

सेशनचा एखादा निर्णयच चुकीचा वाटत असेल तर वाट वेगळी. उदाहरणार्थ, प्रेस्बिटेरियन चर्च इन अमेरिका या संप्रदायाच्या नियमांत अशी तक्रार आधी त्याच सेशनकडे, त्या बैठकीपासून ६० दिवसांत, कारणांसह लेखी द्यावी लागते. ती फेटाळली तर पुढे प्रेस्बिटरी. प्रत्येक संप्रदायाची मुदत वेगळी असते, म्हणून आपली नियमावली आजच उघडा. नुसत्या मुदतीपायी खरी तक्रार बाद झाली की फार जीव तुटतो.

मी एकदा असंच पत्र लिहिलं होतं, चार पानी. मंडळीतल्या एका वडीलजनांनी शेजारी बसून त्यातली सगळी विशेषणं खोडली. उरलं एक पान: बैठकीची तारीख, ठरावाचे शब्द, कोणता नियम मोडला. तेच वाचलं गेलं.

बायबलातल्या मत्तय १८:१५ प्रमाणे आधी एकांतात बोला, हे वैयक्तिक दुखावल्याबद्दल खरंच आहे. पण लैंगिक छळ किंवा लहान मुलांचा प्रश्न असेल तर पीडिताला त्या माणसासमोर एकटं बसवू नका. तिथे थेट पोलीस, आणि सोबत प्रेस्बिटरीच्या चिटणीसांना पत्र.