बारा टप्पे आणि एक मोजणी

प्रेषक : वाचनगट समिती

नमस्कार मंडळी,
पुढच्या वाचनगटाचा विषय ठरल्याप्रमाणे अमेरिकेतल्या मुस्लिम समाजशास्त्रज्ञांचं काम आणि त्यांच्या संस्था. मागच्या वेळी दोघांनी विचारलं होतं, समाजशास्त्र ते समाजशास्त्र, त्यात इस्लामी ते काय असणार? ज्यांचं वाचन आहे त्यांनी थोडक्यात लिहावं. (काका, 'थोडक्यात' तुमच्यासाठी.)

—

प्रेषक : काका

प्रयत्न करतो.

सुरुवात अगदी इथे अमेरिकेत आलेल्या आपल्यासारखीच. १९६३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन परिसरात मुस्लिम स्टुडंट्स असोसिएशन निघाली. शिकायला आलेली मुलं, पदवी मिळाली की परत जाऊ म्हणणारी. गेली किती, ते आपण आपल्यावरून ओळखावं. राहायचं ठरलं की मग जागा लागते, शाळा लागते. म्हणून १९७३ मध्ये नॉर्थ अमेरिकन इस्लामिक ट्रस्ट आला. मशिदींच्या मिळकती त्याच्या नावावर ठेवायच्या. कल्पना जुनीच, वक्फची: एकदा वाहिलेली मालमत्ता कुणाची खासगी नाही आणि विकायचीही नाही. कार्यकारिणीत भांडणं झाली तरी वास्तू जागेवर राहते.

आता मूळ प्रश्न. १९७२ मध्ये असोसिएशन ऑफ मुस्लिम सोशल सायंटिस्ट्स स्थापन झाली. पहिले अध्यक्ष इस्माईल राजी अल-फारूकी, जन्म पॅलेस्टाईनमधल्या याफाचा, नोकरी टेंपल विद्यापीठात. त्यांचं दुखणं असं, की मुस्लिम विद्यार्थी एकीकडे पाश्चात्त्य समाजशास्त्र शिकतो, दुसरीकडे परंपरेतला फिक्ह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रीय कायदा, आणि या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात कधी एकमेकींशी बोलतच नाहीत. उपाय म्हणून 'ज्ञानाचं इस्लामीकरण'. त्यासाठी १९८१ मध्ये इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इस्लामिक थॉट उभी राहिली आणि चक्क बारा टप्प्यांची योजना आली. आधी आधुनिक विद्याशाखांवर हुकमत, मग इस्लामी वारशावर, पुढे दोन्हींची चिकित्सा आणि मेळ, आणि शेवटाकडे विद्यापीठीय पाठ्यपुस्तकं.

मला यातला सर्वांत रसाळ भाग वेगळाच वाटतो. शिकागो विद्यापीठातले इस्लामी विचारवंत फजलुर रहमान या योजनेवर तुटून पडले. त्यांचं म्हणणं, असे नकाशे काढून ज्ञान निपजत नाही. पैसा नि वेळ घालायचा तर विचार करणारी माणसं घडवण्यात घाला. ही टीका १९८८ मध्ये कुठे छापून आली? याच मंडळींच्या अमेरिकन जर्नल ऑफ इस्लामिक सोशल सायन्सेसमध्ये! आपल्या स्मरणिकेत कार्यकारिणीवर अशी टीका छापून दाखवा. फारूकी तोवर हयात नव्हते, १९८६ मध्ये त्यांची आणि त्यांच्या पत्नीची राहत्या घरात हत्या झाली. ते असते तर उत्तर जोरदार आलं असतं.

माझं मत रहमानांच्या बाजूनं.

—

प्रेषक : ताई

काका, माणसं घडवायची म्हटलं तरी परिषद लागते, नियतकालिक लागतं, जिथे नवशिक्या संशोधकाचा पहिला निबंध कुणीतरी वाचेल. रहमानांना टीका करायला जागा मिळाली तीसुद्धा फारूकींच्या लोकांनी ती उभी केली म्हणूनच. हे तुम्ही गाळलंत.

आणि 'इस्लामी म्हणजे काय' यावर वर्षानुवर्षं काथ्याकूट करण्यापेक्षा मला अभ्यासक इहसान बॅग्बी जास्त पटतात. त्यांनी सरळ अमेरिकेतल्या मशिदी मोजायला घेतल्या. २००० मध्ये १,२०९, २०१० मध्ये २,१०६, २०२० मध्ये २,७६९. नुसता आकडा नाही. जुम्म्याला किती लोक येतात, कारभार कोण पाहतं, बायका कुठे बसतात, सगळं विचारलं. २००० च्या पाहणीत सुमारे दोनतृतीयांश मशिदींत बायकांची नमाज पडद्यामागे किंवा वेगळ्या खोलीत होते असं निघालं. तोवर ही कुरकुर होती, आता तिला आकडा मिळाला. 'आमच्याकडे असं काही नाही' म्हणणं अवघड झालं. मिशिगनमधली इन्स्टिट्यूट फॉर सोशल पॉलिसी अँड अंडरस्टँडिंग २०१६ पासून अमेरिकी मुस्लिमांची जनमत पाहणी करते, तीही याच वाटेनं.

—

प्रेषक : काका

ताई, नियतकालिकाचा मुद्दा मान्य. मोजणीचाही. पण काय मोजायचं हे ठरवताना कुणाच्या तरी डोक्यात काहीतरी तत्त्व असतंच की. बायका कुठे बसतात हा प्रश्न प्रश्नावलीत यावा असं बॅग्बींना का वाटलं?

—

प्रेषक : वाचनगट समिती

हा प्रश्न वाचनगटासाठी राखून ठेवा. ताईंना वीस मिनिटं, काकांना दहा.